डावीकडे जरा जास्त

"ह्या डब्याचं डोकं फिरलंय. सगळा आवाज डावीकडूनच ओकतोय," असं पुटपुटत जावईबापू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली.

मित्रांनो, टिचकीचं काही नाही. मी एक जुना रिसीव्हर आहे. टिचक्या, थपडा, ओली फडकी सगळं सोसून बसलेला. पण 'डोकं फिरलंय' हे मात्र मला लागलं. माझं डोकं अगदी जागेवर आहे. मी डावीकडे जरा जास्त का बोलतो, हे मला ठाऊक आहे, आणि ह्या घरात आणखी एका माणसाला ठाऊक आहे. तो माणूस त्या वेळी सोफ्यावर बसून चष्म्याची काच पुसत होता. काच आधीच लख्ख होती.

रिसीव्हर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. घरात सिनेमा लागला की सगळे टीव्हीकडे बघतात. टीव्हीच्या खालच्या खणात जो काळा, जड, पाठीमागे वायरींचा गुंता असलेला डबा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो मी. चित्र टीव्हीचं, आवाज माझा. दार कुठल्या कोपऱ्यात करकरायचं, घोडा कुठून कुठे पळायचा, हे मी ठरवतो. माझ्या हाताखाली पाच स्पीकर आहेत. एक डावा, एक उजवा, दोन मागच्या भिंतीवर आणि एक टीव्हीच्या पुढ्यात, मधला. माणसांचं बोलणं तो मधला पोचवतो. बाकीचे बहुतेक वेळ गोंधळ घालतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एका रांगेत बसायच्या आणि माझ्या पोटात एक एक तुकडा बसवत मला पुढे सरकवायच्या. शेवटच्या टेबलावर एकीनं माझ्या अंगात एक शिट्टी सोडली. ती पाचही तोंडांतून सारखी बाहेर आली. तिनं मान डोलावली आणि माझ्या पाठीवर 'पास'चा कागद चिकटवला. सारखं बोलणं हीच माझी पहिली परीक्षा होती, आणि मी ती पहिल्या फटक्यात पास झालो होतो. हे लक्षात असू द्या.

मग मी दुकानात आलो. सगळ्यात वरच्या फळीवर, भारी मालात मला जागा मिळाली. माझ्या शेजारी चार भाऊबंद होते, एकापेक्षा एक ऐटबाज. दुकानदाराला आमची एकच गंमत माहीत होती. गिऱ्हाईक आलं की तो लढाईचा सिनेमा लावायचा आणि बॉम्ब फोडायचा. गिऱ्हाइकाचा शर्ट थरथरला की माल खपला.

एके दिवशी एक जोडपं आलं. दुकानदारानं सवयीनं बॉम्ब फोडले. बाईंनी शांतपणे पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "हे बॉम्ब आम्हाला कशाला? भांडायला आम्ही दोघं आहोत ना घरात. कुणी हळू बोलतंय असं काही आहे का तुमच्याकडे?"

दुकानदार गोंधळला. शोधून शोधून त्यानं एक प्रसंग काढला. एक आजारी बाई खिडकीशी बसून कुणाला तरी काहीतरी सांगतेय. तोच प्रसंग त्यानं पाचही डब्यांवर वाजवला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. माझी पाळी आली आणि त्यांनी हात वर केला.

"हाच. ती बोलायच्या आधी श्वास घेते. बाकीच्यांनी तो खाल्ला. ह्यानं ऐकवला."

"बांधा, साहेब," त्यांचे यजमान हसत म्हणाले. "हिच्या कानांनी निकाल दिला की पुढे अपील नसतं."

तर अशी माझी निवड झाली. कागदावरचे आकडे बघून नाही, की भाव बघून नाही. एका श्वासावरून. मित्रांनो, इतका मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

बाई म्हणजे आमच्या आई. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डाव्या कानावर हेडफोन चढवून त्यांनी सगळी नोकरी केली. उजव्या कानानं शेजारणीच्या गप्पा, डाव्या कानानं अख्खं शहर. समोरचा माणूस 'हॅलो' म्हणायच्या आत तो कोण आहे, आज घरी भांडून आलाय की काय, हे त्यांना कळायचं म्हणे. आणि बाबा चष्मेवाले. त्यांचं चौकात छोटं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ते एकच प्रश्न विचारत आले: "हे बरं, की हे?"

पहिल्या दिवशी त्यांनी मलाही तसंच बसवलं. आई सोफ्यावर, बाबा रिमोट घेऊन जमिनीवर.

"हे बरं, की हे?"

"आधीचं."

"आता?"

"अहो, उजवा कसा तोंडावर येतोय! जरा मागे घ्या त्याला."

असं करत करत माझे पाचही स्पीकर आईंच्या कानाशी जुळले. ते दिवस आठवले की अजूनही माझं अंग गरम होतं. (तसं ते माझं नेहमीच होतं, म्हणून तर माझ्या डोक्यावर काही ठेवू नये.) दर शनिवारी संध्याकाळी पडदे ओढायचे, पाय पोटाशी घ्यायचे आणि सिनेमा बघायचा. मुलगी कॉलेजात होती. तिच्या मैत्रिणी यायच्या, भुताच्या सिनेमात मागच्या स्पीकरमधून पाऊल वाजलं की किंचाळून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. शेजारचे म्हणायचे, "काय आवाज आहे हो तुमच्याकडे!" आणि आई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मी निवडलाय."

मग मुलीचं लग्न झालं. आई निवृत्त झाल्या. शनिवार मात्र चालू राहिला. मुलगी आणि जावई न चुकता यायचे. अशाच एका शनिवारी सिनेमातला नोकर काहीतरी चुरचुरीत बोलला आणि सगळे हसले. आईही हसल्या. पण जराशा मागाहून, मुलीच्या चेहऱ्याकडे बघून.

मला ते दिसलं. बाबांनाही दिसलं.

फोन त्या आता उजव्या कानाला लावू लागल्या होत्या. डावीकडून कुणी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं नाही, तर कामात असल्यासारखं दाखवत होत्या. बाबांनी एकदा वर्तमानपत्राआडून विषय काढून बघितला. "हल्ली डोळ्यांना लावतात ना, तसं कानांनाही काही काही लावतात. कळतसुद्धा नाही म्हणे."

"लावतात की," आई म्हणाल्या. "म्हातारी माणसं." आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी चहा बाबांना स्वतःच करून घ्यावा लागला.

त्यानंतर आई भाजी आणायला गेल्या असताना बाबा माझ्यासमोर येऊन बसले. चष्मा कपाळावर चढवला. माझ्या डाव्या स्पीकरचा आवाज त्यांनी अर्ध्या आकड्यानं वाढवला आणि बोलण्याचा मधला, तोही थोडासा. संध्याकाळी सिनेमा लागला, पण बाबांनी तो बघितलाच नाही. ते आईंकडे बघत होते. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे नवीन काच धरली की बघायचे, अगदी तसं. 'हे बरं, की हे?' तोंडानं विचारायची सोय नव्हती. आईंच्या दोन भुवयांमधली आठी सैल झाली, तेव्हा बाबा मागे टेकले.

असं वर्षानुवर्षं चाललं. थोडं डावीकडे, आणखी थोडं डावीकडे. मी सारखं बोलणारा डबा, पण वाकडं बोलायला शिकलो. सोफ्यावरची आपली जागा बाबांनी बदलली आणि आईंच्या उजव्या हाताला बसू लागले. एवढ्यानंही भागेना, तेव्हा त्यांनी नवीन युक्ती काढली. आईंच्या कपाळाला आठी पडली की बाबाच ओरडायचे, "काय म्हणाला गं तो?" मुलगी वैतागून ते वाक्य मोठ्यानं सांगायची. बाबा 'असं होय' म्हणायचे. आणि आई शेजारी बसून आयतं ऐकायच्या.

साहजिकच सगळ्यांची खात्री पटली की बाबांचे कान गेले. तसं तोंडावर कोण बोलणार? त्यामुळे सगळा दोष माझ्यावर आला. "बाबा, हा डबा जुना झालाय हो. नवीन घेऊ या, एकदम भारीतला. तुमच्या वाढदिवसाला आमच्याकडून," जावई म्हणाले.

मग सुरू झाली खरेदी. दर आठवड्याला जावईबापू बाबांना एका दुकानात न्यायचे आणि घरी येऊन सोफ्यावर कपाळ धरून बसायचे. रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्या डोक्यावर. (सांगितलं ना, ठेवू नये!) एकात सात स्पीकरांची सोय, एकात छतातून आवाज.

"आई, तुम्हीच सांगा ह्यांना," जावई म्हणाले. "आजचा तर राजा होता राजा! सोबत छोटा माईक येतो. तो बसायच्या जागेवर ठेवायचा, रिसीव्हर स्वतःच शिट्ट्या मारतो, खोली ऐकतो आणि सगळे स्पीकर सारखे करतो. आपण हातसुद्धा लावायचा नाही. तर बाबांनी त्या पोराला काय विचारावं? म्हणे, सारखं झालेलं परत बिघडवता येतं का!"

"मग? येतं का?" आईंनी विचारलं.

"तो पोरगा म्हणाला, काका, कशाला बिघडवायचं? तर हे सरळ उठून बाहेर!"

"बुटकं, काळं होतं ते," बाबा म्हणाले. "मला आवडलं नाही."

"हाही काळाच आहे, बाबा."

"ह्याचा काळा वेगळा."

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी जावयांनी कंटाळून तो राजा परस्पर आठवडाभर वापरून बघायला आणला. त्यांनी माझ्या पाठीतल्या वायरी उपटल्या आणि मला जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझ्या जागी तो बसला. माईक नेमका आईंच्या जागेवर ठेवला गेला. शिट्ट्या झाल्या. सगळं सारखं झालं. सारखं कसं असतं ते मला आठवलं. सुंदर होतं, मित्रांनो, खोटं कशाला बोलू?

सिनेमा लागला. मला काही दिसत नव्हतं, पण मी ऐकत होतो. मुलगी हसली, जावई हसले. आईंचं हसू मागाहूनही आलं नाही.

"काय म्हणाला तो?" बाबा ओरडले. मग पुन्हा. मग पुन्हा.

सिनेमा थांबला. जावयांनी घसा खाकरला. "बाबा, रागावू नका. ह्याहून स्वच्छ आवाज कुठलंच यंत्र देणार नाही. तेव्हा आता प्रश्न यंत्राचा नाही. कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ या."

"मी वेळ घेते, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "आमच्यासाठी."

"घ्या की," बाबा पटकन म्हणाले. "घ्या. वय झालं माझं. यंत्र लावा म्हणाले तर लावीन."

त्यांचा आवाज मजेत होता. म्हणजे तो माणूस चांगले कान घेऊन डॉक्टरांसमोर बसणार होता, आणि तिथेही 'काय म्हणालात?' विचारणार होता.

मित्रांनो, मी भिंतीशी बसून मनात म्हणत होतो, एखादी जुनी वस्तू वाकडी वागायला लागली, तर तिला टाकून द्यायच्या आधी एवढं तरी बघा की ती कुणाच्या बाजूला वाकलीय. वस्तूंचंच कशाला, माणसांचंही तसंच. पण माझ्या वायरी सुटलेल्या होत्या. बोलणार कशानं?

तेवढ्यात सोफा करकरला. आई उठल्या. त्यांनी वाकून मला दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला, आणि जावई धावले. "अहो आई, जड आहे तो! राहू दे तिथेच."

"जड आहे, माहितीय मला. मी निवडलाय तो. त्या बाजूनं धरा," आई म्हणाल्या. "आणि तू गं, डॉक्टरांकडे ह्यांचं नाव नको देऊस. माझं दे."

"तुझं कशाला? तुझे कान तर..."

"ह्यांचे कान ठणठणीत आहेत."

"अगं..." बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. इतकी वर्षं 'काय म्हणाला, काय म्हणाला' म्हणून बहिरे झालात माझ्यापायी. तुम्हाला काय वाटलं, कळत नव्हतं मला? जन्मभर लोकांच्या लायनी जोडल्यात मी. माझी कोण जोडून देतंय, एवढं ओळखू येणार नाही?"

आईंनी पदरानं माझ्या डोक्यावरची धूळ पुसली, आणि श्वास घेतला. बोलायच्या आधीचा तो श्वास मी अगदी जवळून ऐकला.

"डाव्या कानानं मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.