आवाजाच्या राखीव जागा

कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे वाढपी म्हणत, कारण दिवसभर तो टॉवरची क्षमता पंगतीत वाढावी तशी वाटत बसे. फोनवर बोलणाऱ्यांना इतकी, इंटरनेटवाल्यांना इतकी. आज मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. जीव वाचणार होता, पण आवाज कायमचा जाणार होता. मोठ्या सामन्याच्या दिवशी रजा कोण देतो? आत नेण्याआधी बाबा फोन करणार होते, शेवटचं बोलायला.

तेवढ्यात साहेब ओरडले, "वाढपी, मैदानातले लोक व्हिडिओ अडकतायत म्हणून बोंब मारतायत! बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या जागा इंटरनेटला सोड. हल्ली फोनवर बोलतं कोण?"

त्याने सोडल्या. पडद्यावर टॉवर म्हणजे नुसता आकडा. त्या आकड्याखाली बाबा होते ते मैदानामागचं हॉस्पिटलही येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

व्हिडिओ धावू लागले, साहेब खूश झाले. याचा फोन मात्र गप्प. तो पाणी प्यायला, बसला, पुन्हा उठला. शेवटी त्यानेच आईला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना. मग त्या टॉवरच्या न लागलेल्या कॉलची चढती लाल रेघ त्याला दिसली आणि मैदानामागचं हॉस्पिटल आठवलं. हे आपलंच कर्म!

साहेबांना न विचारता त्याने जागा पुन्हा राखून ठेवल्या. लगेच फोन वाजला.

"आई, बाबांना दे."

"आत्ताच आत नेलं रे. किती वेळ लावत होते तुला! शेवटी त्यांनी व्हिडिओत बोलून ठेवलंय. मघापासून पाठवतेय, पण जातच नाहीये."

जाईल कसा? इंटरनेटची वाट आता त्यानेच अरुंद केली होती. त्याचा हात कीबोर्डकडे गेला. पण लाल रेघ उतरत होती. तिथून आणखी कुणाचे बाबा, कुणाच्या मुली बोलत असतील. त्याने हात मागे घेतला आणि मोबाइलवरचं फिरतं चक्र बघत बसला.

बऱ्याच वेळाने व्हिडिओ उघडला.

"काय रे, तुझाच फोन लागत नाही? अख्ख्या गल्लीला सांगत फिरतो, नेटवर्क माझा मुलगा बघतो म्हणून. नाक कापलंस की माझं!" आणि बाबा खोकत खोकत हसले.

साहेब डोक्याशी उभे राहून ओरडत होते. वाढप्याने मोबाइल कानाशी धरला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.