टोकावरचं फाटक

लग्नाला तीस वर्षं झाली, तरी कुलूपवाल्याने दुकान एक दिवसही बंद ठेवलं नव्हतं. शेवटी बायकोने हत्यारांची पिशवी घरीच ठेवायला लावून त्याला बाहेर काढलं. तीन तास रान तुडवत दोघं समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर पोचली. टोकाच्या तोंडाशी उंच लोखंडी फाटक होतं. वनरक्षकाने ते सकाळीच उघडून ठेवलं होतं, कुलूप कडीला नुसतं लोंबत होतं. आता स्वभावाला औषध नाही. उघडं कुलूप याला बघवत नाही. आत येताच त्याने फाटक ओढलं, गजांतून हात घातला आणि कुलूप दाबून टाकलं.

खट्ट आवाज झाला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. किल्ली वनरक्षकाकडे, आणि तो येणार थेट संध्याकाळी. फोनला रेंज नव्हती.

"तुझ्या अंबाड्यातला आकडा दे," तो म्हणाला. "असलं कुलूप चुटकीसरशी उघडतो."

तिने आकडा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा नीट खोचला. "दुकान कुठे पळून जात नाही. बसा आता."

तो बसला. तीन बाजूंना समुद्र होता आणि चौथ्या बाजूला बायको.