पहिला सुचेल तो शब्द

भटजींनी नाव विचारलं तेव्हा गोपीनाथ गप्प बसला.

बायकोचं वर्षश्राद्ध होतं. खरं तर उत्तमनं बसायचं, मुलगा तो. पण तो मुंबईहून वेळेवर पोचला नाही आणि भटजींना पुढं माजिवड्यात दुसऱ्या घरी जायचं होतं, म्हणून गोपीनाथच पाटावर बसला. भटजी पुन्हा म्हणाले, "गेलेल्या बाईचं नाव सांगा." गोपीनाथनं बहिणीकडं पाहिलं. दाराआडून हौसाबाई म्हणाली, "सगुणा." मग मंत्र पुढं सरकले.

नेमका त्याच वेळी उत्तम अंगणात येऊन उभा राहिला होता. पायांत बूट, हातात बॅग. त्यानं सगळं पाहिलं.

त्यांच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घ्यायचं तेवढं एकदाच. गोपीनाथनं तेव्हाही असं पुटपुटत घेतलं होतं की करवल्या म्हणाल्या, नवऱ्याच्या तोंडात मीठ भरलंय, मिठागरातला ना. त्यानंतर सगुणाला त्यानं 'अगं' म्हटलं, आणि उत्तम झाल्यावर 'उत्तमची आय'. उत्तमला हे ठाऊक होतं. पण तो लहानपणापासून कल्याणला मामाकडं शिकायला राहिला, तिथून मुंबईला वसतिगृहात गेला. ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

दुपारी भाऊबंद जेवून गेले. हौसाबाई मागच्या मोरीत भांडी घासायला बसली. उत्तम ओटीवर बापाजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्याकडं एक काम होतं."

पूर्वी तो बापाला अरे-तुरे करायचा, गावातली सगळी पोरं करतात तसं. मुंबईला गेल्यापासून 'तुम्ही' झालं होतं. गोपीनाथला तो मान वाटत नसे. कुणीतरी पाहुणा बोलतोय असं वाटे. पण आज पोराला आपल्याकडं काहीतरी मागायचंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. वर्षभर तो एकटाच खात होता, एकटाच झोपत होता. पोरानं चार दिवस राहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"बोल ना."

"मला एम.ए.ला विद्यापीठाच्या विभागात जायचंय. मानसशास्त्राच्या. सोमवारी मुलाखत आहे."

"वकिलीचं बोलत होतास ना तू."

"वकील पुष्कळ आहेत. मानसशास्त्र दुसरीकडंही शिकवतात, पण ते पुस्तक पाठ करून. या विभागातले प्रोफेसर स्वतः संशोधन करतात, मुलांकडून करून घेतात. माणसाच्या मनात काय चाललंय ते कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, मोजून बघायचं. येताना एखादा छोटा प्रयोग स्वतः करून या म्हणालेत."

"मन मोजतात?"

"मोजता येतं." उत्तमनं खिशातून एक गोल घड्याळ काढलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं. वरची कळ दाबली की काटा पळायचा, पुन्हा दाबली की थांबायचा. "मी एक शब्द बोलणार. तुम्ही मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा. विचार करायचा नाही. मन स्वच्छ असेल तर शब्द लगेच येतो. काही दडवायचं असेल तर उशीर होतो."

"हां," गोपीनाथ म्हणाला. "लाव."

उत्तमनं कळ दाबली. "झाड."

"चिंच."

"बैल."

"शिंग."

गोपीनाथला मजा वाटली. मागून हौसाबाईनं विचारलं, "बापलेक कं खेळतान रं?"

"तुझा भाचा माझी परीक्षा घेतोय."

"घे बाबा. कुणीतरी घ्यायला पायजेच होती."

"घर," उत्तम म्हणाला.

गोपीनाथच्या मनात जे आलं ते नाव होतं. ते वर आलं आणि दातांमागं अडलं. अठ्ठावीस वर्षं ते तिथंच अडत आलं होतं. आता दुसरा शब्द शोधायला हवा होता. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "छप्पर."

उत्तमनं काटा पाहिला. "भाकर."

पुन्हा तेच नाव. गोपीनाथनं ते गिळलं. "तांदूळ."

"पाणी."

तेच. "मीठ," तो बऱ्याच वेळानं म्हणाला.

"खाडी."

खाडी म्हटल्यावर तर दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. उत्तमच्या पाठची धाकटी पोर तापानं गेली आणि सगुणाचं डोकं फिरलं. भरतीचं पाणी चढायला लागलं की ती उठून चालायला लागायची. पोरगी चिखलात रडतेय म्हणायची. दोनदा गोपीनाथनं तिला गळ्याएवढ्या पाण्यातून केसाला धरून ओढून आणलं. भगतानं कोंबडा घेतला, मिरच्यांची धुरी दिली, काही उपयोग झाला नाही. मग गोपीनाथ मिठागरावर जाताना तिचा पाय ओटीच्या मधल्या खांबाला बांधून जाऊ लागला. शेवटी तिनं अन्न सोडलं आणि त्यातच गेली. उत्तम आला तो तिला उचलायच्या वेळी. मुंबईचा मुलगा, त्यानं आईच्या पायाशी डोकं टेकलं आणि घोट्यावरचा काळा वण पाहिला. तेव्हापासून त्याचं गावाला येणं तुटलं होतं.

"खाडी, बाबा."

"बांध," गोपीनाथ म्हणाला.

उत्तमनं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. त्याचा आवाज जरा बदलला. "दोर."

"पाय," गोपीनाथ लगेच म्हणाला.

त्यात दडवायचं काय होतं? तो दोर त्यानं स्वतः वळला होता. काचू नये म्हणून तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी वरून गुंडाळली होती. मागं काय झालं त्यातल्या बाकी कशाचीही त्याला खात्री नव्हती, पण दोराची होती. दोर होता म्हणून ती वर्षभर जास्त जगली.

उत्तमनं घड्याळ ओटीवर ठेवलं. "झालं. मला हवं होतं ते मिळालं."

"पास?"

"घर म्हटल्यावर तुम्ही अडकलात. भाकर म्हटल्यावर अडकलात. खाडीला तर बोलताच येईना. आईनं या घरात जे जे केलं, त्या प्रत्येक ठिकाणी तुमच्या मनात काहीतरी दडलंय. आणि दोर म्हटल्यावर लगेच पाय. तिला जनावरासारखं बांधलंत, त्याची लाजसुद्धा वाटत नाही तुम्हाला. सकाळी भटजींना तिचं नाव सांगता आलं नाही. बायकोचं नाव."

हौसाबाईचा भांड्यांचा आवाज थांबला.

गोपीनाथला सांगता आलं असतं. नाव अडलं म्हणून उशीर झाला, एवढं एकच वाक्य. पण कुठलं नाव, असं विचारल्यावर ते घ्यावं लागलं असतं, आणि हे पोर घड्याळ घेऊन समोर बसलं होतं.

"मुलाखतीत हे सांगणार?" त्यानं विचारलं.

"विचारतातच, हाच विषय का घ्यायचा म्हणून. मी आईचं सांगणार. आई वेडी झाली, घरच्यांनी भगत आणला, बांधून घातलं. कुणाला काही कळत नव्हतं. आपल्या घरांमध्ये पुन्हा असं होऊ नये म्हणून मला हे शिकायचंय. ते खरंच आहे."

हे ऐकलं आणि गोपीनाथच्या आत वर्षभर धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं.

सगुणा खाणं सोडून पडली तेव्हा त्यानं पोपटला वसतिगृहावर पाठवलं होतं. पोपट त्यांच्या गावचा, भायखळ्याला भाजी घेऊन जायचा. उत्तमला घेऊन ये, आय आजारी हाय, आठवण काढतेय, एवढाच निरोप. पोपट एकटाच परत आला. बरेच दिवस तो काही बोलला नाही. मग एकदा मिठागरावर म्हणाला, भाऊ, राग मानू नकोस, त्यानं मना जिन्यातच थांबवला. वरनं त्याच्या मित्रांनी विचारलं, कोण आलाय, तर बोलला, गावचा गडी हाय. मित्र बोलले, आई आजारी हाय सांगतोय ना तो. तर उत्तम बोलला, दुसऱ्या कुणाची असेल, माझी आई मी लहान असतानाच गेली.

गोपीनाथनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगुणाला तर नाहीच. उत्तम येतोय, परीक्षा संपली की येतोय, असंच तो तिला रोज सांगत होता, पायाची गाठ सोडताना आणि बांधताना.

त्यानं हात लांब करून घड्याळ उचललं. "आता माझी पाळी."

"म्हणजे?"

"मी शब्द बोलतो. तू सांग. मन मोजायला शिकतोस, तर तुझं बी मोजलेलं बरं."

उत्तम हसला. "बोला."

गोपीनाथनं अंगठ्यानं कळ दाबली. काटा पळायला लागला.

"सगुणा," तो म्हणाला.

उत्तमचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. बापाच्या तोंडून ते नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. काटा एक फेरा पुरा करून दुसऱ्यात शिरला.

"पहिला सुचेल तो," गोपीनाथ म्हणाला. "विचार करायचा नाय."

"बाबा, हे असं करत नाहीत."

"सगुणा."

उत्तमनं घड्याळाला हात घातला. गोपीनाथनं हात मागं घेतला. "आधी शब्द. पोपटसमोर जिन्यात बोललास तोच सांग. तोही चालेल. तो तर तुला लगेच सुचला होता."

उत्तमचा चेहरा उतरत गेला. तो बापाकडं बघत नव्हता, बापाच्या मुठीकडं बघत होता. मुठीतलं घड्याळ दोघांना ऐकू येत होतं. गोपीनाथला ते थांबवता आलं असतं, कळ कुठं होती ते त्याला कळलं होतं. त्यानं थांबवलं नाही.

शेवटी उत्तम उठला. आत जाऊन बॅग घेऊन आला. ओटीवर बसून त्यानं बूट घातले. गोपीनाथनं घड्याळ पुढं केलं. "हे घे. लोकांची वस्तू." उत्तमनं ते घेतलं, तसंच चालू, आणि खिशात घातलं. बांधावरून तो ठाण्याच्या रस्त्याला लागला. वळणावर त्यानं मागं पाहिलं असतं तर गोपीनाथनं हाक मारली असती. त्यानं पाहिलं नाही.

हौसाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "गेला? चार दिस ऱ्हाईल बोललेलास ना तू."

"मुलाखत हाय त्याची."

"तिथं कं विचारतान?"

"का शिकायचंय, ते विचारतात."

"मंग त्याला सांगता येल?"

"येल. आज शिकवलं मी."

ती खांबाला टेकून खाली बसली, जिथं सगुणा बसायची तिथं. मग हळू म्हणाली, "भाऊ, तू नाव घेतलंस. मी मोरीतून ऐकलं."

"हां."

"बरं वाटलं. बिचारी जन्मभर ऐकायची ऱ्हाईली. कुठं असल तिथं ऐकलं असल तिनं."

गोपीनाथ रस्त्याकडं बघत राहिला. रस्ता आता रिकामा होता.

"तिच्यासाठी नाय घेतलं," तो म्हणाला.