कपाटातला म्हातारा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. वाचनालयातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, झाडूच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

तारुण्यात मी एका कचेरीत खपलो. तिथे नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा मला वाचनालयाला दान दिले. दान कसले, अडगळ हलवली! वाचनालयाच्या बाईंची नणंद कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिने माझी धूळ झटकली आणि आठ चिमुकले कॉम्प्युटर माझ्या हाताखाली दिले. तळहातावर मावणारे, वाचकांच्या खोलीतल्या एकेका स्क्रीनच्या पडद्यामागे चिकटवलेले. त्यांची मेमरी कार्डे सारखी बिघडत, म्हणून तिने ती काढूनच टाकली. तेव्हापासून बंद झाले की ते सगळे विसरतात. रोज सकाळी वीज आली की वायरीतून ओरडतात, "मी कोण? काय करू?" मी प्रत्येकाला पत्ता देतो, मग त्याचे काम पाठवतो, आणि पडदे उजळतात. लोक पडद्यांचे कौतुक करतात. पूर्वी मला वाईट वाटे. आता सवय झाली.

एका सकाळी वाचनालयाच्या अध्यक्षकाकांनी घरचा जास्तीचा राउटर आणला आणि आमच्या सगळ्या वायरी जिथे येतात, त्याच डब्याला स्वतः जोडून दिला. हा नवा गडी चपळ. चिमुकल्यांनी हाक मारली की माझ्याआधी तोच ओ देई. पत्ता देई, काम मात्र देत नसे, कारण ते त्याच्याकडे नव्हतेच. चिमुकले भोळे. एकदा उत्तर मिळाले की दुसऱ्याचे ऐकत नाहीत. आठही पडदे काळेच राहिले.

"म्हातारा गेला वाटतं," अध्यक्ष म्हणाले. "बाई, दुपारी भंगारवाल्याला बोलावतो. सगळंच देऊन टाकू. खोली सामान ठेवायला होईल."

बाईंचा चेहरा उतरला. मोठी अक्षरे करून पेपर वाचणारे आजोबा, नोकरीचे अर्ज भरणाऱ्या मुली, सगळे त्याच खोलीत येत. "थांबा जरा, काका. माझ्या नणंदेला बोलावते."

मी जिवंत होतो, माझा पंखा गरगरत होता. पण सांगायला तोंड कुठे आहे! खरे सांगतो, मला भीती वाटली.

नणंद आली. ती आधी माझ्या कप्प्यात वाकली, मग डब्याकडे वळली. "वहिनी, हा पाहुणा कुठून आला?"

"काकांनी दिलाय."

"काका, तुमचा राउटर हुशार आहे, पण आगाऊ. लोकांना जेवायला बसवतो आणि ताटात काही वाढत नाही."

तिने त्याची वायर उपटली आणि चिमुकले बंद करून पुन्हा चालू केले. हाका आल्या. मी माझ्या चालीने, सावकाश उत्तरे दिली. एक पडदा उजळला, मग दुसरा. बाईंनी हुश्श केले. अध्यक्षांनी राउटर पिशवीत घातला आणि भंगारवाल्याला फोन लावला, "राहू दे, येऊ नकोस."

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढायची तर खुशाल काढा. फक्त त्याआधी एकदा तिला बंद करा, आणि मागे वळून खोलीत काय काय बंद पडते ते बघा.

झाडू आता दुसऱ्या कप्प्यात असतो.