बीपीची खोली

दवाखान्याच्या दारात रांगोळी बघितली तवाच वृषालीनं कपाळाला हात लावला. जिथं लोकं सुई टोचून घ्यायला येतात तिथं कोणी रांगोळी काढतं का? पण रामनाथ सरपंचाची रीतच ती. गावात कसलीबी समिती येऊ दे, त्याला आधी रांगोळी, मग खुर्च्या, मग शाल-नारळ.

मागं ग्रामस्वच्छतेची समिती आली व्हती, तवा त्यानं घरोघर फिरून लोकांना पढवलं. संडास वापरता का? वापरतो. पाणी उकळता का? उकळतो. निम्म्या संडासात तवा सरपण भरलेलं व्हतं, तरी गावाला बक्षीस लागलं. ती ढाल अजून पंचायतीच्या कपाटावर धूळ खात बसलीय. तवापासनं गावानं एक गोष्ट पक्की गाठीला बांधली, समितीपुढं रडायचं न्हाई. इचारलं की म्हणायचं, सगळं चांगलं हाय.

आज सकाळी भोंग्यावर तेच चाललं व्हतं. पुण्याहून साहेब आणि मॅडम येणार, दवाखान्यातल्या मनाच्या आजाराची योजना बघायला येणार, सगळ्यांनी हजर ऱ्हावं आणि गावाची शोभा जाईल असं कोणी बोलू नये. वृषाली चुलीपुढं भाकरी थापत व्हती. तिचा हात तिथंच थांबला. ह्या येड्याला कोणी सांगावं, की ही समिती बक्षीस द्यायला येत न्हाई, खोली ठेवायची का काढायची ते ठरवायला येतीय.

ती खोली म्हंजे दवाखान्याच्या मागच्या अंगाची. आधी तिथं झाडू आन् सलाईनचे खोके पडलेले असायचे. ह्याच साहेब-मॅडमच्या संस्थेनं थोड्या काळापुरता पैसा दिला, आणि दर बुधवारी तिथं लोकांचं मनातलं ऐकून घ्यायला उज्ज्वलाताई बसायला लागली. पारगावकडची, कारखान्याच्या वाटंवरच्या वस्तीतली. पहिलं-पहिलं तिथं कुत्रंसुदिक फिरकलं न्हाई. दारावर पाटी व्हती, 'मानसिक आरोग्य कक्ष'. त्या पाटीखालनं आत कोण जाईल? गेला की दुसऱ्या दिवशी पारावर त्याचं नाव 'मेंटल'.

उज्ज्वलाताई ह्याच मातीतली, तिला उमगायला वेळ लागला न्हाई. तिनं पाटी उतरवली, टेबलावर बीपीचं मशीन ठेवलं, आणि जो येईल त्याच्या दंडाला आधी पट्टी गुंडाळायची, मग दार लोटून घ्यायचं. झालं. बायका यायला लागल्या. कुठं निघालीस गं? बीपी बघून येते. हळूहळू बाप्येसुदिक आले. कोण खरं बीपीचं, कोण कशाचं, ते सगळ्या गावाला थोडं-थोडं ठाऊक व्हतं, आणि बोलत कोणीच नव्हतं.

वृषालीची आई सारजाबाई त्यातलीच.

दोन वर्सांखाली दिवस मावळताना बिबट्या उसातनं आला आणि सारजाबाईच्या म्होरून वासरू घेऊन गेला. ती वासरू बांधायलाच निघाली व्हती. हातात नुसतं दावं राहिलं. तवापासनं तिची झोप गेली. उसाचं पान सळसळलं की छाती धडधडायची, दिवसाढवळ्या आतनं कडी लावून बसायची. वृषालीच्या शाळंची वाट उसाच्या कडंनं. आई दारात आडवी व्हायची, दप्तर धरायची, पाय धरायची. वृषाली पहिल्यांदा भांडली, मग आदळआपट केली, मग नववीतच घरी बसली. लोकं म्हणायची पोरगी शाळेला कट्टाळली. तिनं कोणाला सांगितलं न्हाई, की शाळाबी त्याच बिबट्यानं न्हेली.

देवऋषी झाला, अंगारा झाला, कोंबडं झालं. मग आशाताई एक दिवस म्हणाली, चला सारजाबाई, तुमचं बीपी बघू. त्या खोलीत ताईनं तिला बोलतं केलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, आणि सा-सात महिन्यांनी आई काठी घेऊन उसाच्या बांधावर घास कापायला गेली. वृषाली लांबनं बघत उभी राहिली व्हती. पण दिवाळीत गोळ्या यायला उशीर झाला, तर आठवड्यात दाराची कडी पुन्हा आतनं लागली. तेवढ्यावर वृषालीला कळून चुकलं, खोली गेली की आई गेली. पुण्याला न्यायचं म्हणावं, तर गर्दीच्या एसटीत तिचा जीव गुदमरतो.

मागच्या बुधवारी ताईनं स्पष्टच सांगितलं. पैसा मार्चअखेरपर्यंतच. साहेबांना गरज दिसली तर आणखी थोडं मिळंल, तेवढ्यात हितल्या डॉक्टरांना सगळं शिकवून हे काम सरकारी दवाखान्याच्या अंगवळणी पाडायचं. गरज न्हाई दिसली तर टेबल-खुर्ची दुसऱ्या तालुक्यात.

आणि नेमका आजच पावणा आला व्हता. निमगाव साव्याचे दादाभाऊ, वृषालीच्या भावाला, अमृतला, जी पोरगी सांगून आली तिचे चुलते. साखरपुड्याची तारीख धरायला आले व्हते. शेतीवाल्या पोराला आजकाल पोरगी देतंय कोण? अमृतनं किती ठिकाणी नकार ऐकला व्हता. त्यात सरपंचाची खोड अशी, की गावात पावणा दिसला की त्याला धरून आणायचा आणि सभेला पुढच्या खुर्चीत बसवायचा. दादाभाऊ घरी पोचायच्या आधीच त्याला वाटंवर सापडले, आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. मागं वृषालीचा बाप रखमाजी, टोपी मांडीवर घेऊन.

घरातनं निघताना त्यानं वृषालीला उंबऱ्यात गाठलं व्हतं.

"आज त्वांड उघडायचं न्हाई. अमृतचं व्हऊन जाऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

बाप वाईट न्हाई. बायकोला देवऋषाकडं त्यानंच न्हेलं, खोलीतबी त्यानंच धाडलं. फक्त गोष्ट घराच्या भाईर जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

दवाखान्याच्या पडवीत सतरंज्या टाकल्या व्हत्या. बाप्ये एकीकडं, बायका भिंतीकडं. सारजाबाई खांबाला टेकून बसलेली. सरपंचानं लांबलचक भाषण केलं. गाव कसं निर्व्यसनी, कसं एकोप्याचं, हितं कोणाच्या मनाला कसला घोर न्हाई. साहेब मान हलवत व्हते. मग मॅडमनं माईक बाजूला सारला आणि सरळ लोकांनाच इचारलं, की बुधवारच्या खोलीचा तुमाला उपयोग झाला का.

मग मागनं एक म्हणाला, आमी बीपीला जातो. दुसरा म्हणाला, बीपीची सोय लई चांगली झाली. बायकांतनं कोणीतरी म्हणालं, व्हय, बीपीला चांगलं हाय.

"आणि मनाच्या त्रासासाठी?" मॅडमनं इचारलं.

"तसलं आमच्या गावात कोणी न्हाई," सरपंच हसून म्हणाला. "देवाच्या दयेनं सगळे शाणे हायेत."

लोकं हसली. उज्ज्वलाताई हसली न्हाई. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. म्हणाले, तुमच्या अहवालात तर इतके पेशंट दिसतात, त्यातला एखादा बोलंल का? ताई म्हणाली, कोणाचं नाव सांगणार न्हाई. त्यांचं त्यांनी बोलायचं. साहेबांचा आवाज चढला न्हाई, पण त्यांनी पेन मिटलं.

"हे बघा, गावच म्हणतंय गरज न्हाई. मी वर काय लिहू? दुसऱ्या गावांनी मागणी करून ठेवलीय."

दवाखान्याचा तरणा डॉक्टर मधी बोलायला उठला. म्हणाला, मी ह्या गोळ्या लिहायला शिकतोय, आणखी सा महिने मिळाले तर... पण सरपंचानं त्याला हातानं बसवलं आणि सत्काराची शाल उलगडली.

वृषालीचे कान तापले. ताईचा लई राग आला. स्वतःची नोकरी चाललीय, एक नाव घ्यायचं तर ही बया पट्टीची घडी घालतीय. मग तिनं आईकडं बघितलं. पदराचं टोक तोंडात, दुसऱ्या हातानं सतरंजीचा धागा उपसत व्हती. पायाची बोटं आत वळलेली. ही खूण वृषालीला पाठ व्हती. कडी लावायच्या आधी आईची बोटं अशीच वळायची.

"निमगाव साव्याहून आलेले आपले पावणं दादाभाऊ यांच्या हस्ते साहेबांना श्रीफळ," सरपंच म्हणाला.

दादाभाऊ उठले. नारळ हातात घेतला. तेवढ्यात वृषाली उभी राहिली.

"साहेब, मी येते त्या खोलीत. बीपीला न्हाई. डोक्याच्या गोळ्या घ्यायला."

रखमाजीनं मागं वळून बघितलं, आणि वृषालीनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. मॅडम म्हणाली, बाळ, काय त्रास व्हतो? वृषालीनं सांगितलं. झोप लागत न्हाई. उसाचं पान वाजलं की छाती धडधडते. दिवसा कडी लावते. गोळी रातच्याला जेवल्यावर, पांढरी, अर्धी. दिवाळीत गोळ्या नव्हत्या तवा पुन्हा तसंच झालं. सगळं खरंच व्हतं, फक्त तिचं नव्हतं.

"ही कोणाची पोरगी?" दादाभाऊंनी सरपंचाला इचारलं. नारळ अजून हातातच.

सरपंचानं रखमाजीकडं बघितलं. रखमाजीनं मान खाली घातली. ते पुरलं.

मग खांबापाशी हालचाल झाली. सारजाबाई उठत व्हती. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्यानं पदर. बाप्यांच्या सभेत ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"बस खाली, वृषे," ती म्हणाली. "साहेब, खोटं बोलती ती. तिला कशाचंच भ्या वाटत न्हाई, तीच तर तिची खोड हाय. गोळ्या माझ्या हायेत."

तिनं धरलेला खांब सोडला.

"माझ्या म्होरून वासरू न्हेलं. मग मी हिला घराभाईर पडू दिलं न्हाई. हिची शाळा मी बुडवली. ती माझ्यावर रागावली, पण गोळी कधी चुकवू दिली न्हाई." ती थांबली, दम घेतला, मग दादाभाऊंकडं वळली. "पावणं, तुमची पोरगी आमच्या घरात यायचीय. हे लपवून तिला आणली, तर उद्या तीच मला इचारंल, आत्याबाई, हे आधी का न्हाई सांगितलं? म्हणून आज सांगते."

दादाभाऊंनी नारळ टेबलावर ठेवला आणि ते खाली बसले.

वृषालीला वाटलं, आता आई पडंल. ती पुढं धावली. तेवढ्यात भिंतीकडनं म्हातारी धोंडाबाई खाकरली.

"साहेब, माझं बी बीपी तसलंच हाय," ती म्हणाली. "ल्योक गेल्यापासनं."

कोणीतरी फिसकन हसलं. धोंडाबाईबी हसली, आणि हसताना डोळं पुसलं. मग एक सूनबाई उठली. नुसती उभी राहिली. बाप्यांतनं एक जण उठला, त्याला बघून त्याची बायको चक्रावली. सरपंच हातात शाल धरून कोणाच्या अंगावर टाकावी ते बघत राहिला.

साहेबांनी पेन उघडलं. जाताना त्यांनी पक्कं काही सांगितलं न्हाई. म्हणाले, सा महिन्यांचं बघतो, पण ते शेवटचे. तोवर डॉक्टरांनी हे अंगावर घ्यायला पायजे. डॉक्टर म्हणाला, घेतो.

दादाभाऊ चहाला थांबले न्हाईत. गाडीला किक मारताना रखमाजीला म्हणाले, घरी इचारून फोन करतो. असं म्हणणाऱ्याचा फोन कधी येतो, ते सगळ्या गावाला ठाऊक हाय. अमृत त्या दिवसापासनं वृषालीशी बोलला न्हाई. ताट वाढलं की ताट घ्यायचा, नजर उचलायचा न्हाई. वृषालीला ते बोचायचं, आणि बोचतंय म्हणून ती भांडी जरा जास्तच आपटायची.

पुढच्या बुधवारी आई खोलीत गेली. उज्ज्वलाताईनं सवयीनं पट्टी उचलली, तर सारजाबाईनं दंड मागं घेतला.

"ती ठिव आता," म्हणाली.

भाईर बाकड्यावर रखमाजी बसला व्हता. सभेचा दिवस सोडला तर तो कधी दवाखान्याच्या आवारात शिरला नव्हता, फाटकाबाहेर गाडीवरच थांबायचा. खिशातला फोन मधनंच काढून बघायचा, पुन्हा ठेवायचा. रस्त्यानं दुधाची किटली घेऊन जाणाऱ्या एकानं सायकल हळू केली.

"काय रखमाजी, आज बीपी वाटतं?"

वृषालीनं दाराच्या फटीतनं बापाकडं बघितलं. त्याचा हात टोपीकडं गेला, टोपी नीट केली.

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "आमच्या मंडळींच्या गोळ्या घ्यायच्यात. मनाच्या."

सायकलवाल्यानं एक पाय जमिनीला टेकवला. मग म्हणाला, बरं, आणि पायडल मारलं.