कुरकुरेल त्याला तेल

हात मोडून बरा झाला, तरी उतारावर माउंटन बाइकचा ब्रेक लागेना. बोटांत जोरच उरला नाही, असं समजून एका बोटाने दाबता येतील असे हायड्रॉलिक ब्रेक बसवायला मी बाबांना घेऊन दुकानात गेले.

मिस्त्रीने चाकाच्या डिस्कवरून बोट फिरवून वास घेतला. “याला तेल कोणी घातलं?”

मी बाबांकडे पाहिलं. माझा हात प्लास्टरमध्ये असताना त्यांनी घरातली दारं, पंखे, शिलाई मशीन, कुरकुरेल त्याला तेल पाजलं होतं.

“करकरत होता गं,” बाबा पुटपुटले.

माझं डोकंच फिरलं. “ब्रेकला कुणी तेल घालतं का!”

मिस्त्रीने डिस्क धुतली आणि जुन्याच ब्रेकला नवे पॅड बसवले. मी उतारावर जाऊन ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली.

बाबा धापा टाकत आले. “लागला?”

“लागला. म्हणजे माझा हात कधीचाच बरा झालाय, बाबा!”