चमत्काराच्या शिडीची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि मला राग आला आहे. शिडीला कसला आलाय राग, असे तुम्हाला वाटेल. तुमच्या बाई तुम्हाला रांगेने या सभागृहात घेऊन आल्या, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हीच ती चमत्काराची शिडी!" आणि तुम्ही हात जोडून, माना वर करून मला डोळे भरून पाहिलेत. एका मुलीने मात्र विचारले, "बाई, ही इतक्या वर का टांगली आहे?" तिला गप्प बसवण्यात आले. मला तिचा प्रश्न फार आवडला. त्याचे उत्तर बाई देणार नाहीत, म्हणून मीच देते.

मला एका तिरसट सुताराने घडवले. माझी प्रत्येक पायरी दांड्यात नीट बसवून झाली, की तो तिच्यावर उभा राहून दोनदा उडी मारायचा. कोणी हसले तर म्हणायचा, "पडायचंच असेल तर आधी मी पडेन. दुसऱ्याच्या हाडांवर मी परीक्षा घेत नाही." असा माणूस माझा जन्मदाता, हे मी अभिमानाने सांगते.

त्याच्याकडून मला एका रंगाऱ्याने नेले. तो घराच्या भिंती रंगवत असे. त्याच्यासोबत त्याची धाकटी बहीण काम करायची. त्याला सगळे दादा म्हणत आणि तिला ताई. दादा वर आणि ताई खाली, अशी त्यांची वाटणी होती. ताई रंग कालवायची, डबा वर द्यायची, पण तिचे खरे काम माझा पाय धरण्याचे. गुळगुळीत फरशीवर शिडी उभी केली, की खाली कोणीतरी लागतेच. लोक नेहमी चढणाऱ्याकडे बघतात. खालचे माणूस काही करताना दिसत नाही, नुसते उभे असते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

"दादा, डावीकडे फार वाकू नकोस."

"अगं, तू आहेस ना खाली!"

"मी आहे. पण मला हात दोनच आहेत."

दिवसातून चार वेळा तरी त्यांचे हे बोलणे व्हायचे. मी त्यांच्याबरोबर किती घरे पाहिली! नव्या बाळासाठी पिवळी केलेली खोली पाहिली आणि म्हातारीच्या खोकल्याने कंटाळून तिला दिलेली मागची अंधारी खोलीही पाहिली. काम होते, मान होता. माणूस माझ्यावर निर्धास्त चढायचा, याहून मोठे कौतुक शिडीला नको असते.

त्याच गल्लीत उसनेकाका राहायचे. लोकांकडून वस्तू उसन्या न्यायच्या आणि विसरून जायच्या, म्हणून त्यांचे हे नाव पडले होते. त्यांच्या घरात त्यांच्या मालकीचे फक्त ते स्वतः आहेत, असे ताई म्हणायची. एकदा छपराची पन्हळ साफ करायला त्यांनी मला मागून नेले. "सकाळी नेतो, दुपारी आणून टाकतो," म्हणाले. त्यानंतर कित्येक दुपारी आल्या आणि गेल्या. मी त्यांच्या भिंतीला टेकून उन्हात वाळत राहिले. शेवटी ताई पदर खोचून मला न्यायला आली. दादाही आला होता, पण भांडणाला भिऊन कोपऱ्यावरच थांबला.

"काका, एका दिवसासाठी नेलीत ना?" ताईने विचारले.

"अगं, नेली म्हणजे काय खाल्ली का?"

"खाल्ली असतीत तर निदान पोट दुखून आठवण तरी झाली असती!"

एवढ्यात समोरच्या इमारतीतून किंकाळी आली. जिन्यातून काळा धूर निघत होता. त्या जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांनी जुन्या गाद्या, खोकी आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. विजेच्या पेटीतून ठिणगी पडली आणि सगळे पेटले. वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी आणि त्यांची चार वर्षांची चिमी अडकल्या होत्या. मावशी खिडकीतून ओरडत होत्या, "देवा, कोणालातरी पाठव रे! माझ्या पोरीला वाचव!" खाली गर्दी जमली. कोणी बंबाला फोन केला, पण बंब अजून वाटेतच होता. बाकीच्यांनी हात जोडले.

"काका, भांडण नंतर," ताई म्हणाली. "मागचं टोक उचला."

दादा धावत आला. मला खिडकीला टेकवले, ताईने पाय धरला आणि दादा चढला. त्याने आधी चिमीला खाली आणले, मग मावशींना. खिडकीची काच तडकून तापलेले तुकडे खाली आले आणि ताईच्या हातावर पडले. तिने दात आवळले, पण मला सोडले नाही. मावशी शेवटच्या पायरीवरून उतरल्या तेव्हाच ताईने हात काढला. त्या हाताची पकड माझ्या दांड्याला अजून आठवते.

मावशी रडत तिला म्हणाल्या, "मी हाक मारली देवाला आणि आलीस तू. आता तुलाच देव म्हणू, की देवानं पाठवलेली म्हणू?"

"आधी मला पाणी दे गं," ताई म्हणाली. "मग काय म्हणायचं ते म्हण."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण दुसऱ्याच दिवसापासून गल्लीत वाद पेटला. गल्लीचे अध्यक्ष म्हणाले, "ही साक्षात देवाची कृपा! नेमक्या वेळी, नेमक्या जागी शिडी!" निवृत्त झालेले गणिताचे मास्तर म्हणाले, "कृपा कसली? निव्वळ योगायोग. हजारो शिड्या हजारो भिंतींना टेकलेल्या असतात. त्यातली एखादी आगीसमोर निघणारच." उसनेकाका तर आयत्या बिळावर नागोबा! छाती पुढे काढून सांगू लागले, "मी शिडी वेळेवर परत केली असती तर? विचार करा! देवानंच मला ती ठेवून घ्यायला लावली." एवढे सगळे बोलले, पण ताईच्या भाजलेल्या हाताचे नाव एकाच्याही तोंडी आले नाही. जिन्यातली अडगळ तर महिन्याभरात पुन्हा जशीच्या तशी भरली.

मग अध्यक्षांनी ठरवले की मला या सभागृहात लावायचे. ताईने विचारले, "मग आम्ही कशावर चढून काम करायचं?"

"अगं, देवाची वस्तू झाली ती आता," अध्यक्ष म्हणाले. "तिच्यावर पाय ठेवणार तू?"

"तिच्यावर पाय ठेवला म्हणूनच चिमी वाचली ना?"

दादा मवाळ माणूस. सगळी गल्ली बघत होती. नाही म्हटले तर देवाला नाही म्हटल्यासारखे होईल, असे त्याला वाटले. "जाऊ दे गं," तो म्हणाला. त्याने एक हलकी, आखूड शिडी घेतली. मला लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवर जखडले, नट आवळले, वर कुलूप लावले आणि खाली पितळी पाटी बसवली.

तेव्हापासून लोक माझ्यासमोर येतात. कोणी परीक्षेसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी हरवलेल्या मांजरासाठी हात जोडतात. मागितलेले मिळाले, की "शिडी पावली" म्हणून फुले ठेवतात. नाही मिळाले तर मुकाट्याने निघून जातात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. मास्तरही येतात. ते शहाण्या माणसांना घेऊन येतात, छडीने माझ्या पायऱ्यांवर टकटक करतात आणि योगायोगावर भाषण देतात. माझ्यामुळे एकाची भक्ती चालते आणि दुसऱ्याची बुद्धी. माझ्यावर चढत मात्र कोणीच नाही!

आगीला वर्ष होत आले. चमत्काराच्या वाढदिवसासाठी सभागृहाला बाहेरून रंग द्यायचे ठरले आणि काम दादालाच दिले. भिंतीच्या वरच्या पट्ट्यापर्यंत त्याची नवी शिडी पोचेना. म्हणून त्याने ती दारावरच्या पत्र्याच्या छपरावर उभी केली. त्या अरुंद छपरावर पाय धरायला दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. ताई खालून म्हणत होती, "दादा, उतर. आपण काहीतरी दुसरं बघू."

"हा एवढा कोपरा झाला की उतरतो."

शिडी सरकली आणि धाडकन खाली गेली. दादाने वरचा पाइप पकडला आणि तो लोंबकळू लागला. ताईचा आवाज मी भिंतीआडून ऐकला. "शिडी काढा! आतली शिडी काढा!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणतात ना? इथे तर वळसाही कोणी घातला नाही. लोक धावत सभागृहात आले, माझ्यासमोर आले. मला वाटले, आता पट्ट्या उचकटतील! कोणीतरी म्हणाले, "कुलूप तोडा." दुसरे म्हणाले, "अरे, अध्यक्षांना विचारा तरी." तिसऱ्याला वाटले, असे केले तर अपशकुन होईल. मास्तर म्हणाले, "नट गंजलेत, एवढ्या वेळात निघणारच नाहीत." त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग अध्यक्षांनी डोळे मिटले आणि सगळ्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी त्या हातांकडे बघत होते. इतके हात होते, मित्रांनो! चार जणांनी जोर लावला असता तरी मी निघाले असते.

बाहेर दादाची पकड सुटली.

तो वाळूच्या ढिगावर पडला, म्हणून जिवंत राहिला. पण कंबरेचे हाड मोडले. आता तो कुबडीवर चालतो. चढणे त्याच्या नशिबातून कायमचे गेले.

काही दिवसांनी ताई सभागृहात आली. लोकांनी तिला वाट करून दिली, त्यांना वाटले ती दर्शनाला आली. ती सरळ अध्यक्षांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझी शिडी परत द्या."

"अगं वेडे," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "हिच्यामुळेच तर तुझा दादा वाचला!"

"हिच्यामुळे? ती तर इथे भिंतीवर होती."

"तेच म्हणतोय मी. तो पडला तेव्हा आम्ही सगळे हिच्यासमोरच हात जोडून उभे होतो."

मास्तरांनी मान हलवली. "वाळू तिथे होती हा योगायोग," ते म्हणाले.

ताईने दोघांकडे पाहिले, पदर खोचला आणि ती कामाला निघून गेली. तिच्या जागी मी असते तर मी किंचाळले असते.

मित्रांनो, मी लाकूड आहे. देव आहे की नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही. त्या दिवशी मला त्याने पाठवले, की उसनेकाकांच्या आळसाने मी तिथे राहिले, हे मला खरोखर ठाऊक नाही. मावशींना ती कृपा वाटते, तर वाटू दे. पोर त्यांची आगीत अडकली होती, त्यांचा तो हक्क आहे. पण अध्यक्षांना मी विचारते, देवाने मला पाठवले असेल, तर त्याने पाठवलेली वस्तू तुम्ही कुलपात का ठेवलीत? आणि मास्तरांनाही विचारते, तो योगायोग असेल, तर योगायोग काही रोज येत नाही, हे तुमच्यापेक्षा चांगले कोणाला कळते? मग शिडी हाताशी ठेवायला पहिल्यांदा तुम्हीच सांगायला हवे होते. एकमेकांशी वर्षभर भांडले आणि शेवटी दोघेही हातावर हात धरून उभे राहिले!

आता माझे ऐका. तुमच्या उजव्या हाताची खिडकी उघडी आहे. समोरच्या घराला रंग लागतो आहे. तिथे ताई चढली आहे, त्याच आखूड शिडीवर. दादा घरी असतो, म्हणून ती हल्ली एकटीच काम करते. मी सकाळपासून तिला बघते आहे. शिडी फरशीवर उभी आहे, ताई डावीकडे वाकते आहे आणि खाली कोणी नाही. रस्त्यावरून माणसे जात आहेत. कोणी थांबत नाही.

मला खाली काढण्याचे मागाहून बघू. माझ्यासमोर जोडलेले हात सोडा, बाईंना घेऊन धावत जा आणि तिच्या शिडीचा पाय धरा.